निळ्या शिडांच्या ताफ्यात शिरताना: एन्टरप्राइज होडीकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

एन्टरप्राइज ही दोघांनी चालवायची, सव्वातेरा फुटी शर्यतीची होडी. लांबी ४.०४ मीटर, रुंदी १.६ मीटरच्या आसपास, डोलकाठी आणि शिडं सोडून नुसत्या होडीचं वजन नव्वदेक किलो. मोठं शीड आणि पुढचं लहान शीड (जिब) मिळून १०.५ चौरस मीटर कापड. वाऱ्याबरोबर जाताना लावायचं फुगीर शीड, स्पिनेकर, नाही; तारेला लटकून बाहेर झुकायचा ट्रॅपीझही नाही. शिडं फिकट निळी, त्यांवर ठसठशीत रोमन ‘ई’ आणि खाली होडीचा आकडा. आजवर २३ हजारांच्या वर आकडे दिले गेले आहेत.

नोकरी-शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये आलेल्या अनेकांच्या घराजवळ एखादा पाणीपुरवठ्याचा जलाशय असतो आणि रविवारी त्यावर शिडं फिरताना दिसतात. कुंपणाबाहेर उभं राहून बघणं आणि आत शिरणं यांत फार अंतर नाही. पण ते कोणत्या क्रमाने ओलांडायचं हे कुणी सांगत नाही. मग बहुतेक जण उलटे निघतात: आधी होडी घेतात, मग क्लब शोधतात, मग सोबतीला माणूस शोधतात आणि सप्टेंबरात होडी विकायला काढतात. खाली दिलेला क्रम नेमका याच्या उलट आहे. आधी ताफा, मग दुसऱ्याच्या होडीत जागा, आणि स्वतःची होडी सगळ्यांत शेवटी.

ही होडी आली कुठून

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये दोन गोष्टी एकदम हाताशी आल्या: पाण्यात न सुटणारा गोंद आणि समुद्री प्लायवूड. विमानं आणि युद्धनौका बांधताना सुधारलेलं हे तंत्र आता सामान्य माणसाच्या गॅरेजात पोचलं. त्याचा सगळ्यांत चांगला उपयोग ज्याने केला तो जॅक होल्ट (१९१२–१९९५). लंडनमध्ये थेम्सकाठी पटनी इथे त्याचा कारखाना होता. बांधणाऱ्याचे हात किती कुशल असतील याचा अंदाज घेऊन तो आराखडा काढायचा, आणि ही गोष्ट मला त्याच्या गतीच्या गणितापेक्षाही मोठी वाटते. त्याचा भागीदार बीचर मूर हा स्वतः शर्यती जिंकलेला आणि लोकांना गळ घालण्यात पटाईत. एकाने होडी काढायची, दुसऱ्याने तिच्याभोवती माणसं जमवायची, अशी ती जोडी.

१९४७ मध्ये होल्टने मुलांसाठी कॅडेट काढली. तिच्यामागे ‘यॉटिंग वर्ल्ड’ हे मासिक होतं. १९४९ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडव्हीच्या क्लबसाठी जीपी १४ आली, तिच्या शिडावर आजही घंटा असते. १९५६ मध्ये एन्टरप्राइज. तिच्या पाठीशी उभं राहिलं ‘न्यूज क्रॉनिकल’ हे दैनिक, जे कॅडबरी घराण्याच्या मालकीचं होतं. हो, चॉकलेटवाले कॅडबरीच. जाहिरातीसाठी दोन एन्टरप्राइज होड्या रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडून नेल्या. उघडी, सव्वातेरा फुटांची, प्लायवूडची होडी आणि तिच्यात दोन माणसं! आज कुठलाही क्लब अशा सफरीला परवानगी देणार नाही आणि तेच योग्य आहे; पण तेव्हा तिचा परिणाम व्हायचा तो झाला.

होडीचं अंग बघितलंत तर दोन्ही बाजूंना दोन-दोन कोन दिसतील. प्लायचे सपाट तक्ते वाकवून जोडायचे तर पूर्ण गोलाई शक्य नसते, म्हणून हे दुहेरी कोन. त्यामुळे तुकडे कापून दिलेला संच घरी नेऊन सुट्ट्यांमध्ये होडी जोडणं जमण्यासारखं झालं, आणि हजारो लोकांनी ते केलं. शिक्षक, कारकून, गिरणीतले फोरमन. यॉट म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी श्रीमंती इथे नव्हती. सात वर्षांनी ‘डेली मिरर’ने हीच कल्पना आणखी स्वस्तात आणली, लाल शिडांची मिरर होडी होल्ट आणि ब्रिटिश टीव्हीवर सुतारकाम शिकवणारा बॅरी बकनेल यांनी मिळून केली.

‘न्यूज क्रॉनिकल’ ऑक्टोबर १९६० मध्ये ‘डेली मेल’मध्ये विलीन झालं आणि संपलं. होडीला पाच वर्षंही झाली नव्हती. पाठीराखा गेला, होडी राहिली, कारण तोवर मालकांची संघटना उभी राहिली होती. नियमांची वही, मोजमाप करणारे लोक, वार्षिक राष्ट्रीय स्पर्धा हे सगळं मालकांनीच चालवलं आणि अजून चालवतात. नव्या माणसाने हे ध्यानात घ्यावं, कारण तुम्ही ज्यात शिरताय त्याचा कणा हाच आहे. कुठल्याही कंपनीला विचारायला जायचं नसतं. शेजारच्या होडीवाल्याला विचारायचं असतं.

क्लास म्हणजे काय, आणि तो का महत्त्वाचा

एका आराखड्याच्या, ठरलेल्या मापांच्या होड्यांचा गट म्हणजे क्लास. सगळ्यांच्या होड्या सारख्या, म्हणून रेषा आधी ओलांडेल तो पहिला. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा जलद-मंद होड्यांचा हिशेब जुळवायला ब्रिटनमध्ये पोर्ट्समथ आकडा वापरतात. एन्टरप्राइजचा आकडा ११२० च्या जवळपास असतो. लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले तो आकडा. म्हणजे तुम्हाला तासभर लागला तर हिशेबात सुमारे साडेत्रेपन्न मिनिटं धरली जातात. कागदावर हे ठीकच आहे. पण शर्यत संपल्यावर आपण चौथे की नववे हे तक्ता लागेपर्यंत कळत नाही, आणि हरलो तर वाऱ्याला, आकड्याला, कशालाही दोष देता येतो. सारख्या होड्यांत ही सोय नाही. तुमच्या पुढे गेलेल्याकडे तुमच्यापेक्षा चांगली होडी नव्हती. त्याने वळण आधी घेतलं, एवढंच. शिकायचं असेल तर ही बोच फार उपयोगी.

म्हणून पहिलं काम: रविवारी सकाळी जवळच्या दोन-तीन क्लबांवर जाऊन नुसतं बघा. पाण्यावर निळी शिडं किती आहेत ते मोजा. पाच-सहा असतील तर पुरे. क्लबच्या माहितीपत्रकात ‘एन्टरप्राइज’ लिहिलेलं असणं आणि एन्टरप्राइज पाण्यावर असणं यांत पुष्कळ फरक असतो. होड्या ठेवायच्या मैदानातून एक चक्कर मारा. आच्छादनावर शेवाळ, ट्रॉलीच्या चाकांत हवा नाही, खाली गुडघाभर गवत, अशा दहा एन्टरप्राइज असल्या तरी तो ताफा मेलेला समजा. उलट चारच होड्या असतील, पण ट्रॉल्या काठावर रिकाम्या उभ्या असतील, तर आत जाऊन चौकशी करा.

विचारायचे प्रश्न थोडे. एन्टरप्राइजची वेगळी सुरुवात होते की सगळ्या होड्या एकत्र सोडतात? हिवाळी मालिका असते का? क्रू, म्हणजे सोबतीचा माणूस, शोधणाऱ्यांची यादी कुणाकडे असते? पाणी बंदिस्त आहे की भरती-ओहोटीचं? सुरुवात जलाशयावर केलेली बरी. तिथे वारा झाडांमुळे लहरी असतो हे खरं, पण ओहोटी तुम्हाला ओढून नेत नाही.

एवढ्यात जमलं तर आरवायए (रॉयल यॉटिंग असोसिएशन) या ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेचा डिंगी, म्हणजे छोट्या उघड्या होड्यांचा, अभ्यासक्रम करून घ्या. पहिली पातळी दोन दिवसांची, दुसरीही दोन दिवसांची. त्याने शर्यत येत नाही. पण होडी वाऱ्यात थांबवणं, वळवणं, उलटली तर सरळ करणं हे येतं, आणि ज्याच्या होडीत तुम्ही बसणार त्याचा जीव भांड्यात पडतो.

दुसऱ्याच्या होडीत बसा

ही पायरी गाळणारे सगळ्यांत जास्त असतात आणि नेमकी हीच गाळू नये. एक अख्खा हंगाम दुसऱ्याच्या होडीत क्रू म्हणून काढा. एन्टरप्राइज दोघांची, त्यामुळे क्रू मिळत नाही म्हणून काठावर बसलेला हेल्म प्रत्येक क्लबात असतोच. सुकाणू धरतो तो हेल्म, बाकी सगळं करतो तो क्रू. नवीन आहे म्हणून लाजू नका. वेळेवर येणारा नवखा माणूस न येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा हवासा असतो.

वजनाचा प्रश्न लोक कुजबुजत विचारतात, तेव्हा तो इथेच मोकळेपणाने सांगते. दोघांचं मिळून साधारण सव्वाशे ते दीडशे किलो या होडीला मानवतं. हेल्म धिप्पाड असेल तर क्रू हलका चालतो आणि उलटही. आपल्याकडच्या पाच फुटी, पंचावन्न किलोच्या बाईला ‘तुझा काय उपयोग’ असं इथे कुणी म्हणत नाही. उलट मंद वाऱ्याच्या दिवशी तिलाच आधी विचारणा होते.

क्रूची कामं ऐकायला सोपी आहेत. जिबचे दोर ओढायचे-सोडायचे, सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात जाणारी फळी) वर-खाली करायचा, वाऱ्याबरोबर जाताना जिब एका काठीने बाहेर ढकलून धरायचं, आणि हे सगळं करताना होडी सपाट ठेवायची. शेवटचं काम पहिल्या तिन्हींपेक्षा मोठं. एन्टरप्राइज वाऱ्याकडे चढताना जरा जरी कलली तरी बाजूला घसरत जाते. पुढे गेल्यासारखं वाटतं, पण शेजारची होडी हळूहळू वर सरकताना दिसते. झुळूक आली की पाय पट्ट्यांत अडकवून बाहेर झुकायचं, झुळूक गेली की त्याच क्षणी आत यायचं. अगदी मंद वाऱ्यात मात्र उलट: दोघांनी पुढे सरकायचं आणि होडी किंचित खालच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या, बाजूला कलवून ठेवायची, म्हणजे पाण्याला घासणारा भाग कमी होतो आणि शिडं आपल्या वजनाने पोट धरतात.

त्याहून मोठं काम म्हणजे डोळे. हेल्म शिडाकडे आणि लाटेकडे बघत असतो. क्रूने बाहेर बघून सांगत राहायचं: पुढे काळसर पाणी दिसतंय म्हणजे वारा येतोय, उजवीकडून एक होडी येतेय, खूण (वळसा घालायचा बोया) त्या लाल छपराच्या दिशेला आहे. गप्प बसणारा क्रू म्हणजे होडीतलं जादा वजन. पण सल्ला आणि माहिती यांतली रेघ पाळा. ‘वळ’ म्हणू नका. ‘डावीकडे वारा जास्त दिसतोय’ म्हणा. वळायचं की नाही ते सुकाणूवाला ठरवेल.

नवरा-बायकोने एका होडीत बसावं का, हा प्रश्न प्रत्येक क्लबात चहाबरोबर चघळला जातो. माझं मत: बसावं, पण पहिल्या हंगामात नाही. आधी दोघांनी वेगवेगळ्या होड्यांत शिकावं, मग एकत्र यावं. यशस्वी जोडप्याचं उदाहरण हवं असेल तर ते मुंबईच्याच पाण्यावरचं आहे. १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीत झाले, पण शिडांच्या शर्यती मुंबईत भरल्या आणि त्यांत एन्टरप्राइज हा एक क्लास होता. त्यातलं सुवर्णपदक कराचीच्या बेहराम आणि गोश्पी आवारी या पारशी पती-पत्नीने नेलं. बेहराम आवारींनी त्याआधी १९७८ च्या बँकॉक खेळांतही याच क्लासमध्ये मुनीर सादिक यांच्यासोबत सुवर्ण जिंकलं होतं. भारताच्या वाट्याला मुंबईत सुवर्ण आलं ते फायरबॉल क्लासमध्ये, फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांच्यामुळे.

शिष्टाचाराचं थोडं. शर्यतीच्या तासभर आधी पोचा. डोलकाठीचे दोर लावणं, शिडं चढवणं हे क्रूचंही काम आहे. शर्यतीनंतर होडी धुऊन, आच्छादन घालून झाल्यावरच कपडे बदलायला जा. तरंगतं जॅकेट स्वतःचं आणा, मापाचं. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. सकाळी कळवलंत तर एका माणसाचा रविवार वाया गेला. बाकी इथे साहेब-मॅडम काही नसतं. सत्तरीतला, तीनदा स्पर्धा जिंकलेला माणूसही पहिल्या नावानेच हाक मारा म्हणतो. आपल्याला ते सुरुवातीला जड जातं, मग जमतं.

काठावरची ड्यूटी

ब्रिटनचे बहुतेक क्लब पगारी माणसांवर चालत नाहीत. सभासदांनाच आळीपाळीने शर्यत चालवावी लागते, बचावाची मोटारबोट घेऊन बाहेर पडावं लागतं, चहा-सँडविच करावं लागतं. नवीन लोक ही ड्यूटी टाळायला बघतात. टाळू नका, मागून घ्या. शर्यतीच्या अधिकाऱ्याला मदतनीस म्हणून बसलात की सगळा ताफा वरून दिसतो: कोण रेषेपाशी कधी येतं, कुणाचं वळण किती सेकंदांत होतं, वारा फिरल्यावर कोण आधी ओळखतं. होडीत बसून हे दिसत नाही. शिवाय झेंडे आणि भोंगे पाठ होतात.

ते एकदा सांगूनच टाकते. नियमांच्या वहीतली सुरुवात अशी: पाच मिनिटं आधी क्लासचा झेंडा वर, चार मिनिटं आधी निळा, मध्ये पांढरा चौकोन असलेला तयारीचा झेंडा वर, एक मिनिट आधी तो खाली, आणि शून्याला क्लासचा झेंडा खाली. काही क्लब तीन मिनिटांचा क्रम वापरतात, तेव्हा फलक आधी वाचा. झेंडा हाच खरा इशारा. भोंगा न वाजला तरी वेळ झेंड्याचीच.

आता होडी

हंगाम संपत आला की विक्रीला होड्या निघतात. लाकडी जुनी एन्टरप्राइज काही शे पौंडांत मिळते, कधीकधी ‘घेऊन जा फक्त’ या अटीवरही. फायबरग्लासची चांगली होडी त्याच्या कैक पट. मध्ये तिसरा प्रकार असतो, खाली फायबर आणि वर लाकडी डेक. तो दिसायला सगळ्यांत देखणा, आणि सांभाळायला लाकडी डेकइतकाच किरकिरा. हिवाळ्यात वॉर्निशचा वास आवडणारे आणि न आवडणारे अशा दोन जाती आहेत. तुम्ही कुठल्या, हे प्रामाणिकपणे ठरवा. गाडी ठेवायलाही गॅरेज नसेल तर लाकडी होडीच्या नादी लागू नका, ती कितीही स्वस्त असो.

बघायला जाताना तुमच्या हेल्मला, किंवा ताफ्यातल्या कुणालाही, सोबत न्या. लोक आनंदाने येतात. दुसऱ्याच्या पैशाने होडी बघण्यासारखं सुख नाही. लाकडी होडी असेल तर पेचकसाच्या मागच्या मुठीने ठोकत जा. कुजकं लाकूड बद्द वाजतं. बघायच्या जागा ठरलेल्या: मागच्या फळीचे खालचे कोपरे, सेंटरबोर्डच्या पेटीचा जोड, डोलकाठी जिथे टेकते ती जागा, बाजूच्या तारा होडीला जिथे जोडलेल्या असतात तिथलं लाकूड, आणि पुढच्या डेकच्या आतला कोपरा, जिथे पावसाचं पाणी साचून राहतं. नवा रंग फासलेली होडी जास्त बारकाईने बघा. फायबरची असेल तर तळव्याने दाबत जा. तळ दबला आणि सुटल्यावर चुटकन वर आला, तर आतले थर सुटले आहेत. हवेच्या टाक्यांची झाकणं उघडून आत हात घाला. ओल असेल तर कारण विचारा.

मग वजन. जुनी होडी वर्षानुवर्षं पाणी पिऊन दहा-पंधरा किलोंनी जड झालेली असू शकते, आणि ते वजन प्रत्येक शर्यतीत तुम्ही वाहणार असता. काही क्लबांकडे काटा असतो. नसेल तर दोघांनी एक टोक उचलून शेजारच्या होडीशी तुलना करा; ढोबळ असली तरी ती खोटं बोलत नाही.

शिडांचं वय रंगावरून कळतं. ऊन खाऊन निळा फिका पडत जातो. पण रंगापेक्षा कापडाचा कडकपणा बघा. मुठीत चुरगाळल्यावर कुरकुरलं तर जीव आहे. ओढणीसारखं मऊ झालं असेल तर ते फिरायला ठीक, शर्यतीला नाही. अनेक जुन्या होड्यांबरोबर पांढऱ्या शिडांचा एक लहान जोडही मिळतो, एकूण ७.४ चौरस मीटरचा. तो टाकू नका. सोसाट्याच्या दिवशी मुलांना घेऊन जायला किंवा पहिल्यांदा स्वतः सुकाणू धरायला तोच कामाचा.

सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे मोजमापाचं प्रमाणपत्र. त्यावरचा आकडा, होडीच्या अंगावरचा आकडा आणि शिडावरचा आकडा जुळतो का बघा. शिडं बदलली जातात, त्यामुळे तिथला आकडा वेगळा असणं म्हणजे लबाडी नव्हे. पण होडीवरचा आणि कागदावरचा जुळायलाच हवा. प्रमाणपत्र नसेल तर मोजमाप नव्याने करून घ्यावं लागेल, तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. विकत घेतल्यावर क्लास असोसिएशनचं, म्हणजे मालकांच्या संघटनेचं, सभासदत्व आणि कागदावर तुमचं नाव, दोन्ही लगेच करा. दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा विमा क्लब मागतोच.

होडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात नवे दोर, नवी उपकरणं यांवर पैसे उडवायचा मोह होतो. थांबा. आधी हवेच्या पिशव्या किंवा टाक्या नीट आहेत ना हे उथळ पाण्यात होडी मुद्दाम भरून तपासा. लाकडी, पिशव्यांवाली एन्टरप्राइज उलटून सरळ केली की पाण्याने काठोकाठ भरूनच वर येते. बादली बांधून ठेवलेली नसेल तर ती तुमच्या आधी निघून गेलेली असते. डोलकाठीच्या टोकाला तरंगणारी फुगीर पिशवी लावा, म्हणजे होडी पूर्ण पालथी होत नाही.

डोलकाठी किती मागे झुकवायची, तारा किती ताणायच्या, याचे आकडे शीड शिवणाऱ्यानुसार बदलतात. त्यामुळे ताफ्यात ज्याची शिडं तुमच्यासारखी आहेत आणि जो पुढे असतो, त्याची मापं टेपने घ्या. विचारून घ्या. नाही म्हणणारा भेटणं अवघड. नाही म्हणालाच, तर दुसऱ्या क्लबात चहा चांगला असेल.

पहिली शर्यत, सुकाणूवर

शर्यतीच्या नियमांची वही जाड आहे आणि दर चार वर्षांनी सुधारते. पहिल्या दिवशी तीन नियम पुरतात. वारा डावीकडून घेणाऱ्या होडीने वारा उजवीकडून घेणारीपासून दूर राहायचं. दोघींचा वारा एकाच बाजूने असेल तर वाऱ्याकडच्या होडीने खालचीपासून दूर राहायचं. मागच्या होडीने पुढचीला धक्का द्यायचा नाही. चुकून नियम मोडलाच तर बाजूला होऊन दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या आणि पुढे जायचं. खुणेच्या बोयाला लागलात तर एक गिरकी. गिरकी घेणारा माणूस ताफ्यात मान मिळवतो, वाद घालणारा गमावतो.

सुरुवातीला गर्दीत शिरू नका. रेषेच्या मधोमध, पुढच्या रांगेपासून थोडं मागे राहा आणि मोकळ्या वाऱ्यात निघा. पहिल्या वळणापर्यंत शेवटचे असाल. चालेल.

त्रास द्यायचा ते ही होडी वाऱ्याबरोबर जाताना देते. वारा पाठीशी, जिब काठीने एका बाजूला आणि मोठं शीड दुसऱ्या बाजूला, आणि होडी डुलायला लागते. डावीकडे, उजवीकडे, आणखी डावीकडे, आणि मग वाऱ्याच्या बाजूलाच पालथी. ती डुलायला लागली की मोठं शीड थोडं आत ओढा, सेंटरबोर्ड पूर्ण वर असेल तर थोडा खाली सोडा, आणि दोघं समोरासमोरच्या बाजूंना बसा. दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूला उडी मारली की पुढचं संभाषण पाण्यात होतं.

उलटलातच, तर ओरडाओरडी करू नका, होडी सोडून पोहत जाऊ नका. एकाने सेंटरबोर्डवर चढायचं, दुसऱ्याने आत होडीला समांतर तरंगत राहायचं. होडी सरळ होताना आतला माणूस तिच्याबरोबर उचलला जातो आणि मग तो बाहेरच्याला आत घेतो. सराव उन्हाळ्यातच करा. मार्चमधलं इंग्लंडचं पाणी शिकायची जागा नव्हे.

मुंबई-पुण्यातल्या वाचकांसाठी

भारतात ही होडी मुख्यतः लष्कर आणि नौदलाच्या नौकानयन केंद्रांमुळे टिकली. नागरी क्लब आहेत. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा आहे. राष्ट्रीय स्पर्धा आणि निवड यांचा कारभार यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे. मात्र इथे क्रम थोडा बदलतो. स्वतःची होडी घेण्याचा विचारच सुरुवातीला करू नका. क्लबच्या होड्यांवर शिका आणि शर्यतींत जो क्लास जास्त धावतो त्यात जा, तो एन्टरप्राइज नसला तरी. हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि पुढच्या पावसाआधी संपतो. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, त्यामुळे वाऱ्याआधी भरतीचं कोष्टक वाचायची सवय लागते. ब्रिटनच्या तलावावर शिकून आलेला माणूस नेमका याच जागी फसतो.

दुसऱ्यांच्या पाण्यावर

आपल्या क्लबात शेवटून तिसरे येऊ लागलात की ओपन मीटिंगला निघा. म्हणजे एखाद्या क्लबने बाहेरच्या एन्टरप्राइजवाल्यांना बोलावून भरवलेली एक-दोन दिवसांची शर्यत. होडी गाडीमागे ओढून न्यावी लागते, तेव्हा ट्रेलरचे दिवे आणि पट्टे आदल्या दिवशी तपासा, डोलकाठीच्या टोकाला लाल फडकं बांधा. पोचल्यावर आधी नोंदणी, मग शर्यतीच्या सूचना. आपल्या क्लबात उजव्या हाताला ठेवायची खूण इथे डाव्या हाताला असू शकते.

अशा ठिकाणी बक्षिसं पहिल्या फळीबरोबर खालच्या रौप्य-कांस्य गटांनाही असतात, जुन्या लाकडी होड्यांनाही असतात, त्यामुळे लवकर पळून जाऊ नका. शिवाय संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तुमचा शिडाचा आकडा ऐकून कुणीतरी मान वर करण्याची शक्यता बरीच असते. ही होडी कधीकाळी त्याची, किंवा त्याच्या भावाची, किंवा त्याला हरवणाऱ्या कुणाची तरी होती. त्याला समोर बसवा आणि आसनाच्या फळीवर ती तीन बुजवलेली भोकं कशाची आहेत ते विचारा.